पंधरा नंबरची जागा

ताईचा धाकटा भाऊ धावायला मंद होता. पुढे त्याचं नाव झाल्यावर हे कोणाला खरं वाटायचं नाही, पण शाळेच्या शर्यतीत तो शेवटून दुसरा यायचा, आणि तेही शेवटचा पोरगा मधेच बुटाची नाडी बांधायला बसला म्हणून.

रग्बी क्लबच्या मास्तरांनी त्याला संघात घेतलं ते वेगासाठी नव्हतंच. निवडीच्या दिवशी त्यांनी प्रत्येक पोराच्या डोक्यावर एकेक उंच चेंडू मारला. रग्बीचा चेंडू लंबगोल. वर जाताना तो तीर असतो आणि खाली येताना दारुडा. कुठे कलेल याचा नेम नाही. आणि तो हवेत असताना समोरून चार दांडगे अंगावर धावून येतात. बाकीच्या पोरांनी एक डोळा चेंडूवर ठेवला आणि एक त्या चौघांवर, आणि सगळ्यांच्या हातून चेंडू निसटला. हा मात्र आकाशाकडे तोंड करून, खांब पुरल्यासारखा उभा राहिला. चेंडू छातीशी आवळला आणि मग चौघांच्या खाली गाडला गेला. उपसून काढला तेव्हा नाकातून रक्त वाहत होतं आणि चेंडू छातीशी तसाच होता.

"घाबरला नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"घाबरलो की. पण मी चेंडूकडे बघत होतो."

मास्तरांनी त्याला पंधरा नंबरचा शर्ट दिला. पंधरा नंबर म्हणजे फुलबॅक, सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहणारा. पुढचे चौदा जण धक्काबुक्की करतात, धावतात, गुण मिळवतात. त्यांच्या हातून सुटलेला माणूस आणि शत्रूने मारलेला चेंडू, दोन्ही याच्या वाट्याला येतात. त्याच्यामागे मग फक्त रेषा. त्याने अडवलं तर कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्याच्याकडून सुटलं तर जन्मभर कोणी विसरत नाही.

दोन हंगामांत गावाने त्याचं नाव पाडलं, कुलूप. "मागे कुलूप आहे," असं लोक म्हणायचे आणि निवांत शेंगा सोलत बसायचे. तिसऱ्या हंगामात देशाच्या संघाने बोलावलं. एका सामन्यात पाऊस झोडपत असताना समोरच्यांचा सगळ्यात वेगवान गडी मोकळा सुटला आणि रेषेवर झेपावला. कुलपाने त्याला हवेत गाठलं, चिखलातून घसरत दोघे कोपऱ्यातलं निशाण मोडून मैदानाबाहेर गेले. त्या टॅकलचा फोटो पुढे कितीतरी वर्षं न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी लावलेला होता.

ताईला खेळातलं फारसं कळायचं नाही. ती त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा त्याच्या डब्याची, पालकसभेची आणि नाकातल्या रक्ताची जबाबदारी तिच्याकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. बाजारपेठेत तिचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे ती डोळे तपासायची, मागच्या खोलीत दाजी, म्हणजे तिचा नवरा, काचा घासायचे. दाजींचं रग्बीबद्दलचं मत ठाम होतं. "इतकी वर्षं खेळतायत, पण यांना अजून चेंडू गोल करता आला नाही," असं ते मेव्हण्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि शनिवारी सगळ्यांच्या आधी डबा बांधून मैदानावर जायला तयार असायचे.

असं दहा-बारा वर्षं चाललं. भाऊ दिवसा शहराच्या पाणीखात्यात फिटर होता, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं. तो म्हणायचा, मुलींना वाटतं मी कायम मागेच उभा राहीन.

मग त्या हंगामात क्लब पहिल्यांदाच अंतिम सामन्याला पोचला. गावात दुसरा विषय नव्हता. पण तिथे नेणाऱ्या उपांत्य सामन्यात, तो जवळजवळ जिंकल्यात जमा असताना, एक साधा उंच चेंडू डावीकडून आला. कुलूप पुढे सरकला. त्याच्या डाव्या कडेचा खेळाडूही चेंडूवर धावत आला होता. त्या पोराने ओरडून सांगितलं, "मी घेतो!" गर्दीच्या आवाजात ते विरलं. दोघे एकमेकांवर असे आदळले की हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू आला. त्या पोराच्या खांद्याचं हाड गेलं. चेंडू दोघांच्या मधून घरंगळला.

लोक म्हणाले, होतं असं, खेळ आहे. ताईला मात्र ते पटलं नाही. दहा-बारा वर्षं तिने भावाला बघितलं होतं. तो चेंडूकडे बघत असला तरी आपली माणसं कुठे आहेत हे त्याला ठाऊक असायचं. त्या दिवशी तो पोरगा भरउन्हात त्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत आला होता आणि याने मान वळवली नव्हती.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला दुकानात बोलावलं. दरवाजावर पाटी फिरवली आणि त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं.

"चष्मा लावणार काय मला?" तो हसला. "चष्मा घालून टॅकल करू?"

"उजवा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग."

तिने हात लांब बाजूला धरला आणि बोट हलवत सावकाश आत आणायला सुरुवात केली. तो नाकाकडे बघत राहिला. बोट तिच्या खांद्यापाशी आलं, गळ्यापाशी आलं, जवळजवळ हनुवटीपाशी आलं.

"सुरू कर की," तो म्हणाला.

तिने पुन्हा केलं. वरून केलं, खालून केलं. उजवा डोळाही बघितला. तिथेही एका कडेला बोट हरवत होतं. तिला माहीत होतं हे काय आहे. तिने त्याला सरळ डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर बराच वेळ तपासलं आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली. "काचबिंदू आहे. दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून कळत नाही. कडा आधी जातात. डावा बराचसा गेलाय. गेलेलं परत येत नाही. थेंब टाकायचे, उरलेलं जपायचं."

"आणि खेळ?"

"तुम्हाला बाजूने येणारा माणूस दिसत नाही. डोक्याला, डोळ्याला मार बसला तर उरलेलंही धोक्यात. मी काय सांगणार हे तुम्हाला कळलंय."

घरी परतताना तो बसमध्ये खिडकीशी बसला होता आणि ताई त्याच्या डावीकडे. मध्येच म्हणाला, "ताई, अंतिम सामना होऊन जाऊ दे. मग सोडतो. तोवर कोणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? मी काय दवंडी पिटणार आहे?" ती म्हणाली. "पण एवढंच सांग. त्या दिवशी तुझ्या डाव्या हाताला कोणाचा पोरगा धावणार आहे?"

दोन थांबे गेले. तिसऱ्याला तो उठला. "मास्तरांकडे जाऊन येतो."

ताईही पाठोपाठ उतरली. मास्तर क्लबच्या मागच्या खोलीत चिखलाचे बूट मोजत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एकदम पोरका झाला. या अंतिम सामन्याची त्यांनी जन्मभर वाट पाहिली होती.

"एकच सामना," ते म्हणाले. "डावीकडे मी दोन माणसं ठेवतो. तू फक्त उजवं बघ. तू नुसता मागे उभा असलास तरी पोरांना धीर येतो रे."

"म्हणूनच नको मास्तर. ती पोरं मागे वळून बघत नाहीत, माझ्या भरवशावर खेळतात. त्यांचा भरवसा आहे आणि मला दिसत नाही, हे त्यांना ठाऊक नाही. ही फसवणूक झाली."

मास्तरांनी हातातले बूट खाली ठेवले. शेवटी म्हणाले, "मग कोण?"

"राखीव बाकावरचा तो शिंप्याचा मुलगा."

"ते पोर? त्याला अजून मिसरूड फुटलं नाही!"

"मिसरुडाने चेंडू पकडायचा नाहीये," कुलूप म्हणाला.

अंतिम सामन्यापर्यंत रोज संध्याकाळी त्याने शिंप्याच्या मुलाला उंच चेंडू दिले. पोरगा चपळ होता, हात चांगले होते, पण ऐन वेळी नजर खाली यायची. "खाली बघायचं नाही," कुलूप सांगायचा. "येणारे येणारच आहेत. तू बघितलंस म्हणून ते थांबणार नाहीत." संघाला आणि गावाला एवढंच कळलं, की कुलूप खेळणार नाही. का, ते मास्तरांनी सांगितलं नाही, कारण सामन्याआधी पोरांचा धीर सुटू नये म्हणून कुलपाने त्यांच्याकडून तसा शब्द घेतला होता.

शेवटच्या मिनिटापर्यंत क्लब पुढे होता. मग समोरच्यांनी जीव तोडून एक चेंडू वर मारला. शिंप्याचा मुलगा त्याच्याखाली बरोबर गेला. हात वर केले. आणि शेवटच्या क्षणी, डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ, त्याने खाली बघितलं. चेंडू खांद्याला लागून उडाला, समोरच्याने झेलला आणि रेषेपलीकडे टेकवला. हातातोंडाशी आलेला घास गेला.

पोरगा गुडघ्यांवर बसला तो उठेना. कुलूप बाकावरून उठून मैदानात गेला, आपला कोट त्याच्या पाठीवर टाकला आणि त्याला बाहेर आणू लागला. तेव्हा प्रेक्षकांतून आरडाओरडा सुरू झाला. पोरगा त्यांना दिसलाच नाही. त्यांना कुलूप दिसला. "आता आलास होय! मघाशी कुठे होतास?" मैदानाच्या फाटकात वार्ताहर उभा होता. त्याने तेच जरा सभ्य शब्दांत विचारलं. तुम्ही का खेळला नाहीत?

ताई चार पावलांवर होती. तिने भावाला कोटाखालच्या पोराकडे एकदा बघताना पाहिलं.

"खेळावंसं वाटलं नाही," कुलूप म्हणाला.

ते वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या तोंडी होतं. न्हाव्याने आरशाशेजारचा फोटो उतरवला. पाणीखात्यात लोक त्याला चहाला बोलवेनासे झाले. एका सकाळी ताईच्या दुकानाच्या शटरवर कोणीतरी काळ्या रंगात लिहिलं होतं, "कुलूप पळालं". दाजींनी रंगाचा डबा आणला आणि शटर हिरवं रंगवलं. मनासारखा रंग मिळाला नाही म्हणून दिवसभर चिडचिड करत राहिले. त्यांना दुसऱ्या कशाचा राग आलाय हे घरात सगळ्यांना कळत होतं.

त्या दिवशी ताईचा बांध फुटला. "खरं का सांगत नाहीस? माझ्याकडे कागद आहे डॉक्टरीणबाईंचा. उद्या दुकानाच्या काचेवर लावते!"

"लाव. मग ते कोणावर चिडतील?"

"म्हणजे?"

"गाव हरलंय ताई. कोणावर तरी राग काढल्याशिवाय त्यांचं भागणार नाही. मी आंधळा होत चाललोय म्हटलं की मला सोडतील आणि त्या पोराला धरतील. एकोणीस वर्षांचं पोर आहे. मोडून जाईल. पुन्हा चेंडूला हात लावणार नाही. माझ्यावर काढू दे. मी मागचाच माणूस आहे. शेवटी माझ्याकडेच यायचं असतं."

ताईला ते पटलं नव्हतं, आणि तो चुकीचा आहे असंही म्हणता येत नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं गिऱ्हाइकं चष्म्याची फ्रेम नाकावर ठेवता ठेवता म्हणायची, "तुमचा भाऊ त्या दिवशी असता तर..." आणि ती म्हणायची, "जरा मान सरळ ठेवा."

शिंप्याचा मुलगा पुढच्या हंगामात पुन्हा मागे उभा राहिला. त्याच्या पुढच्याही. क्लबने दोनदा अजिंक्यपद मिळवलं. पोरगा देशासाठी खेळला, कुलपापेक्षा जास्त सामने खेळला, आणि फोटोही न्हाव्याच्या दुकानात त्याचाच लागला. देशासाठीच्या आपल्या पहिल्या सामन्याला निघण्याआधी तो गुरूच्या पाया पडायला आला, तेव्हा कुलपाने त्याला डोळ्यांचं सांगितलं. "आता सांगायला हरकत नाही. तुझ्यापुरतं ठेव." पोरगा उंबऱ्यावरच बसला आणि हमसाहमशी रडला. दाजी आतून म्हणाले, "रडून झालं असेल तर जेवायला या, निवतंय."

कडा आणखी आत आल्या. कुलपाला फिटरच्या कामावरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. कोणत्या गल्लीत नळ आला नाही, कुठे पाइप फुटला, दिवसभर लोक त्याच्यावर ओरडायचे आणि तो शांतपणे म्हणायचा, "घेतलं ऐकून. माणूस पाठवतो." त्याला ते काम आवडलं. शनिवारी ताई हाताला धरून मैदानावर न्यायची आणि सामना सांगायची. ती वाईट सांगायची. "तो लाल केसांचा धावतोय... पडला... सगळे त्याच्यावर पडले... आता शिट्टी." दाजी सांगायला लागले की त्याहून बिकट. भाऊ मात्र मजेत ऐकायचा. पुढेपुढे काठी आली, मग अंधुक उजेडही गेला. गावाला वाटलं म्हातारपणाने डोळे गेले. राग केव्हाच विझला होता, उरली होती नुसती एक सवय. त्याचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचंच, "होता चांगला, पण..."

थंडीत एका पहाटे तो झोपेतच गेला.

क्लबच्या सभागृहात शोकसभा झाली. सचिवांनी भाषण केलं, कुलपाचा पावसातला टॅकल सांगितला. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आणि अंतिम सामन्याला पाय काढला ते?" आवाज हलका होता, पण सभागृह शांत होतं.

शिंप्याचा मुलगा आता क्लबचा प्रशिक्षक होता, कानांजवळ पांढरा झालेला. तो उभा राहिला. त्याने ताईकडे बघितलं. ताईने डोळे मिटून मान हलवली, आणि ती परवानगी होती की नकार, हे तिचं तिलाही ठरवता आलं नसतं. त्याने सगळं सांगितलं. बोटाची तपासणी, मास्तरांची खोली, वार्ताहर. "त्या दिवशी चेंडू माझ्या हातून सुटला," तो म्हणाला. "आणि तो त्यांनी झेलला. मरेपर्यंत खाली ठेवला नाही."

न्हाव्याचा मुलगा रुमाल शोधत होता. मग अध्यक्ष उठले. ते म्हणाले, या माणसाचं आपल्यावर जे ऋण आहे ते फिटणारं नाही. एकच करता येईल. पंधरा नंबरचा शर्ट यापुढे या क्लबात कोणी घालणार नाही. तो काचेच्या पेटीत राहील. टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उभी राहिली.

ताईही उभी राहिली, पण टाळ्या वाजवायला नाही. गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागला, तोवर टाळ्या थांबल्या होत्या.

"नको," ती म्हणाली.

अध्यक्षांना वाटलं, तिला भरून आलंय. "मावशी, हा तर त्यांचा मान आहे."

"मान कळतो मला. पण पेटीतला शर्ट पुढच्या शनिवारी चेंडू पकडणार आहे का? मला खेळ कळत नाही, लोकांना विचारून विचारून सांगितला मी त्याला इतकी वर्षं. पण एवढं कळलंय की मागे कोणीतरी लागतं. माझा भाऊ स्वतः उभा राहू शकत नव्हता, तेव्हा त्याने पहिलं काय केलं? दुसरा उभा केला. त्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या. आणि तुम्ही त्याच्या नावाने ती जागाच रिकामी ठेवता?" तिने सभागृहाकडे वळून बघितलं. "तुम्हाला वाईट वाटतंय ते वाटू द्या. चार दिवस वाटलेलं बरं. त्याच्यावर काच बसवू नका."

ती खाली बसली. दाजींनी तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवली. अध्यक्षांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. शर्ट मैदानावर राहील."

सध्याचा पंधरा नंबर बेकरीत काम करणारा एक अबोल तरुण होता. शुक्रवारी तो दुकानात आला. डोळे तपासायचे म्हणाला, पण खुर्चीत बसेना. फ्रेमा उचलून बघत राहिला, बाहीला पीठ लागलेलं होतं.

"काय रे?" ताईने विचारलं.

"आजी, उद्या सामना आहे. तो शर्ट मी घातला तर... सगळे बघतील. मला भीती वाटते."

ताईने त्याला नीट न्याहाळलं. खांदे रुंद होते, हात बेकरीच्या भट्टीने भाजलेले. तिला त्याला काहीतरी मोठं सांगावंसं वाटलं, पण सुचेना.

"धुतलाय का शर्ट?"

"हो."

"मग घाल. आणि आलाच आहेस तर बस खुर्चीत, डोळे बघते. बाजूचं नीट दिसतंय का ते मला आधी कळू दे."

तो बसला. तिने हात लांब बाजूला धरला आणि बोट हलवलं.

"दिसलं," तो लगेच म्हणाला.